परीक्षा द्यायची की घ्यायची?

ताई,

मी मूळची उदगीरची. दहावीपर्यंत मराठी माध्यम, मग पुण्यात इंजिनिअरिंग आणि गेली सहा वर्षं पिंपरीत नोकरी. आमची अर्धी टीम लंडनला बसते. मागच्या आठवड्यात तिकडच्या एका सहकारी बाईंना मी मेल टाकला, की २० तारखेला मी रजेवर आहे, 'आय ॲम गिव्हिंग ॲन एक्झाम'. पाच मिनिटांत त्यांचं उत्तर आलं, 'अरे वा, तू शिकवतेस हे मला माहीतच नव्हतं!' मी दोनदा वाचलं, नवऱ्याला दाखवलं, त्यालाही काही कळेना. शेवटी टीममधल्या एकाने हसत हसत सांगितलं, की माझ्या वाक्याचा अर्थ 'मी परीक्षा घेणार आहे' असा झाला.

त्याच आठवड्यात आमच्या लीडने माझ्या रिपोर्टमधलं 'टेक अ डिसिजन' खोडून 'मेक अ डिसिजन' केलं आणि 'टेक अप्रूव्हल'खाली लाल रेघ ओढली. ताई, माझं व्याकरण कच्चं नाही. काळ चुकत नाहीत, स्पेलिंग चुकत नाही. पण हा 'टेक' कुठे लावायचा आणि कुठे नाही, ते काही केल्या उमगत नाही. सगळे म्हणतात, 'इंग्रजीत विचार करायला लाग.' तो कसा करतात? एखादा नियम आहे का, की यादी पाठ करू?

– गोंधळलेली, पिंपरी


प्रिय गोंधळलेली,

आधी माझी फजिती ऐक, म्हणजे तुला एकटं वाटायचं नाही. मी शाळेत एकतीस वर्षं इंग्रजी शिकवलं. निवृत्तीच्या दोन वर्षं आधी मामेबहिणीकडे न्यू जर्सीला गेले होते. एकदा ट्रेनमध्ये शेजारी एक आजी बसल्या होत्या, गप्पा सुरू झाल्या. तुम्ही काय करता, असं त्यांनी विचारलं. मी ऐटीत म्हटलं, 'आय टेक क्लासेस एव्हरी मॉर्निंग.' सकाळचे तास मी घेत होतेच, त्यात चुकीचं ते काय! आजींचा चेहरा फुलला. 'या वयात! किती छान! कशाचे क्लास?' मी म्हटलं, 'इंग्लिश.' त्यानंतर उतरेपर्यंत त्या माझ्याशी एकेक शब्द सुटा करून, सावकाश आणि मोठ्याने बोलत राहिल्या. मला वाटलं, बिचाऱ्यांना ऐकू कमी येत असावं. रात्री जेवताना बहिणीने उलगडा केला तेव्हा घास हातातच राहिला.

तुझी आणि माझी चूक एकच आहे, फक्त तू एका दाराने आत शिरलीस, मी दुसऱ्या. मराठीत मास्तर परीक्षा घेतात, मुलं देतात. मास्तर तास घेतात, मुलं तासाला बसतात. साहेब मुलाखत घेतात, उमेदवार देतो. म्हणजे खुर्चीतला माणूस घेणारा आणि समोर उभा असलेला देणारा. इंग्रजीत चित्र उलटं आहे. प्रश्नपत्रिका मास्तर हातात ठेवतात, मुलगा ती घेतो. म्हणून मुलाने परीक्षा 'टेक' करायची आणि मास्तरांनी 'गिव्ह'. अमेरिकेत क्लाससुद्धा शिकणाराच 'टेक' करतो. ब्रिटनमध्ये मुलं शिक्षकाबद्दल 'ही टेक्स अस फॉर मॅथ्स' असं म्हणतात, तेव्हा माझं वाक्य लंडनला कदाचित तरलं असतं. तुझं मात्र तिथेही बुडालं.

मुलाखतीचं तर तिसरंच. 'गिव्ह ॲन इंटरव्ह्यू' म्हणजे नटाने नाहीतर मंत्र्याने वार्ताहराला दिलेली. नोकरीसाठी गेलेला माणूस 'हॅज ॲन इंटरव्ह्यू' किंवा 'गोज फॉर ॲन इंटरव्ह्यू'. 'आय गेव्ह ॲन इंटरव्ह्यू टुडे' असं लिहिलंस तर त्या बाई विचारतील, कुठल्या पेपरात येणार आहे?

यात कुणाचं तर्कशास्त्र बरोबर, असं विचारशील. कुणाचंच नाही. सीतेने अग्निपरीक्षा दिली, म्हणून उदगीरच्या मुलीने बोर्डाची परीक्षाही द्यायची, हे आपल्या कानाला इतकं सवयीचं झालंय की त्यात काही 'दिलं' जातं का, हा प्रश्नच आपल्याला पडत नाही. इंग्रजांनाही 'टेक'बद्दल पडत नाही.

आता तुझा प्रश्न जरा उलटा करून बघू. माझ्या शेजारी एक मल्याळी बाई राहतात. मराठी शिकायची त्यांना फार हौस. एकदा माझ्या सासूबाई त्यांना अळूवड्यांची कृती सांगत होत्या. सगळं नीट समजलं हे सांगायला त्या उत्साहाने म्हणाल्या, 'हो आजी, मी तुमची समजूत काढली!' सासूबाई अवाक. आपण रुसलो कधी होतो, तेच त्यांना आठवेना.

बाईंची चूक कुठे होती? 'समजूत' बरोबर, 'काढणे' बरोबर, काळ बरोबर, लिंग बरोबर. व्याकरणाचे पैकीच्या पैकी गुण. मग त्यांनी मला विचारलं, की तुमचं हे 'काढणे' म्हणजे नक्की काय? मी सांगायला बसले आणि माझीच पंचाईत झाली. काढणे म्हणजे आतलं बाहेर घेणे, असं सुरुवातीला ठोकून दिलं. विहिरीतून पाणी काढणे, कपाटातून साडी काढणे, इथपर्यंत ठीक चाललं. मग चित्र काढणे आलं. फोटो काढणे. कर्ज काढणे, रजा काढणे, झोप काढणे, दिवस काढणे, मोर्चा काढणे, विषय काढणे, खोडी काढणे. राग काढला की राग जातो असं नाही, तो दुसऱ्याच्या डोक्यावर पडतो. आठवण काढली की आठवण जात नाही, उलट येते. आणि काटा काढला म्हणजे पायातला की वाटेतला, ते बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावरून ओळखायचं. बाईंनी वही मिटली आणि म्हणाल्या, 'म्हणजे नियम नाही.'

नियम नाही असं नाही. पण तो 'काढणे'मध्ये शोधायला गेलं तर सापडत नाही, तो 'राग', 'रजा', 'कर्ज', 'आठवण' यांच्याकडे असतो. रजा ही काढायची किंवा घ्यायची गोष्ट आहे, करायची नाही, हे 'रजा' या शब्दाबरोबरच आपण घरात शिकलो. रजेनेच आपलं क्रियापद निवडून ठेवलंय. इंग्रजीतही असंच चालतं, आणि तू नेमकी उलट्या टोकाने सुरुवात करते आहेस. 'टेक' कुठे लावायचा, असं विचारलंस की तुला एक प्रचंड ढीग उपसावा लागतो. 'एक्झाम'ला काय लागतं, 'अप्रूव्हल'ला काय लागतं, असं विचारलंस की उत्तर एका ओळीचं.

इंग्रजीच्या अभ्यासकांत जे. आर. फर्थ म्हणून एक मोठं नाव आहे. १९२०च्या दशकात ते लाहोरला पंजाब विद्यापीठात इंग्रजी शिकवत होते, पुढे लंडनला भाषाविज्ञानाचे प्राध्यापक झाले. शब्द कुणाच्या संगतीत असतो त्यावरून तो ओळखावा, अशा अर्थाचं त्यांचं १९५७ सालचं एक वाक्य भाषेच्या अभ्यासात अजून घोळवलं जातं. आपल्याकडे गोठ्यातल्या माणसाने हे आधीच सांगून ठेवलंय : ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. 'टेक' हा असलाच पवळ्या आहे. 'केअर'शेजारी बांधला की काळजी घेतो, 'प्लेस'शेजारी बांधला की नुसता घडतो, 'ऑफेन्स'शेजारी बांधला की रुसतो.

(जाता जाता एक गंमत. हा 'टेक' मुळात इंग्रजांचा नाहीच. हजारएक वर्षांपूर्वी उत्तरेकडच्या व्हायकिंग लोकांबरोबर तो त्या बेटावर उतरला. जुन्या इंग्रजीत 'घेणे'साठी 'निमन' असं क्रियापद होतं, जर्मनमध्ये त्याचा भाऊ 'नेमेन' अजून नांदतोय. पाहुण्याने यजमानालाच घराबाहेर काढलं. 'निमन'ची खूण इंग्रजीत अजून सापडते : उदाहरणार्थ 'नम', म्हणजे बधिर, ज्यातली जाणीव 'घेतली गेली' असं.)

आता तुझ्या ऑफिसात येऊ. तू जे लिहितेस ते मराठी 'घेणे'चं भाषांतर असतं, त्यामुळे कधी नेम लागतो, कधी हुकतो. लागतो तिथे सरळ लागतो. काळजी घेणे, भाग घेणे, शपथ घेणे, सूड घेणे, बाजू घेणे, पुढाकार घेणे, जबाबदारी घेणे, ताबा घेणे, रस घेणे, दीर्घ श्वास घेणे, औषध घेणे : या सगळ्यांना इंग्रजीतही 'टेक'च. चहात साखर घेता का, हेही इंग्रज माणूस 'डू यू टेक शुगर' असंच विचारतो. इथे तुला नवं काही शिकायचं नाही. खरं तर याच जोड्या आपला घात करतात, कारण इतक्या ठिकाणी जमलं म्हटल्यावर सगळीकडे जमेल असं वाटायला लागतं.

हुकतं कुठे, ते बघ. मंजुरी घेणे, परवानगी घेणे, मदत घेणे, माहिती घेणे, प्रवेश घेणे, शिक्षण घेणे. आपल्या ऑफिसांतलं 'टेक अप्रूव्हल', 'टेक परमिशन', 'टेक हेल्प', 'टेक ॲडमिशन' सगळं इथून येतं. या सहाही गोष्टींत एक साम्य आहे : समोरच्याने दिल्याशिवाय त्या मिळत नाहीत. मंजुरी साहेबाच्या हातात, प्रवेश कॉलेजच्या हातात. अशा ठिकाणी इंग्रजीला 'गेट' लागतो. गेट अप्रूव्हल, गेट परमिशन, गेट हेल्प. 'टेक'मध्ये थोडा हात पुढे करून उचलण्याचा भाव आहे, दुसऱ्याच्या मर्जीची वाट बघणं नाही. हा अंदाज दहातल्या सात-आठ वेळा तारतो. सगळ्या वेळा तारत नाही. सल्ला समोरचाच देतो, तरी 'टेक ॲडव्हाइस' बरोबर आहे. पण अप्रूव्हलखालची ती लाल रेघ मात्र योग्यच होती. त्या लीडवर दुसऱ्या कारणासाठी रागव, ते पुढे सांगते.

मग काही अशी आहेत की ज्यांना 'टेक'ही नको, 'गेट'ही नको, तिसराच कुणीतरी हवा. डॉक्टरांची अपॉइंटमेंट आपण घेतो, ते 'मेक' करतात. जन्म आपण घेतो, ते नुसते 'बॉर्न' होतात, क्रियापदाचं काही घेणं-देणं नाही. आढावा आपण घेतो, त्यांचं 'रिव्ह्यू' स्वतःच क्रियापद आहे, 'वी रिव्ह्यूड इट' म्हटलं की काम झालं.

आणि तुमच्या ऑफिसांतलं ते अजरामर 'फॉलोअप घेणे'! 'आय विल टेक फॉलोअप फ्रॉम द व्हेंडर.' हे वाक्य हिंजवडी ते मगरपट्टा रोज किती वेळा लिहिलं जात असेल, देव जाणे. मराठीत 'व्हेंडरकडून फॉलोअप घेते' हे झकास आहे, त्याला मी बोट लावणार नाही. इंग्रजीत मात्र 'फॉलो अप' हेच क्रियापद : 'आय विल फॉलो अप विथ द व्हेंडर.' 'टेक' गेला, 'फ्रॉम' गेला, 'विथ' आला. एका जोडीत तीन जणांची बदली. इंग्रजी शब्द मराठीत आला, मराठी क्रियापदाशी संसार थाटला, आणि आपण त्या सबंध कुटुंबाला परत इंग्रजीत पाठवलं. तिकडे त्यांना कोण ओळखणार?

उलट बाजूने बघितलं तर, जिथे आपण 'घेणे' म्हणत नाही तिथे त्यांचा 'टेक' दबा धरून बसलेला असतो. फोटो आपण काढतो, डुलकी आपण काढतो, पाऊल उचलतो, धोका पत्करतो, रिक्षा करतो, ताप बघतो, एखाद्याला गृहीत धरतो. त्यांच्याकडे हे सगळं 'टेक'. सगळ्यात जास्त चुकतो तो 'लागणे'. पुण्याहून मुंबईला जायला तीन-साडेतीन तास लागतात. माझे विद्यार्थी इथे 'थ्री अवर्स आर रिक्वायर्ड' असं, कोर्टाच्या नोटिशीसारखं लिहायचे. 'इट टेक्स थ्री अवर्स'. किती वेळ लागेल, 'हाऊ लाँग विल इट टेक'. ऑफिसच्या मेलमध्ये हे वाक्य तुला दिवसातून दोनदा लागणार, म्हणून आधी हे पक्कं कर.

आणखी एक बारीक गोष्ट. जोडी पाठ करताना मधला 'अ' सोडायचा नाही, असला तर असला, नसला तर नसला. 'टेक अ रिस्क'मध्ये आहे. 'टेक केअर'मध्ये नाही, 'टेक पार्ट'मध्ये नाही, 'टेक ॲडव्हाइस'मध्ये नाही. 'टेक प्लेस' म्हणजे घडणे, पण 'टेक समवन्स प्लेस' म्हणजे कुणाची तरी जागा घेणे. मध्ये एक माणूस घुसला आणि अर्थ बदलला. तू मेलमध्ये 'आय ॲम ऑन लीव्ह' असं लिहिलं असशील तर शाबास. कारण 'आय ॲम टेकिंग अ लीव्ह टुमारो' हे आपल्याकडचं फार लाडकं वाक्य आहे, आणि त्यातला तो 'अ' त्यांच्या कानाला खडा लागल्यासारखा लागतो. 'टेकिंग द डे ऑफ' म्हण, नाहीतर 'ऑन लीव्ह' आहेच.

आता डिसिजन. तुझं 'टेक अ डिसिजन' चूक नव्हतं. ब्रिटिश इंग्रजीत ते सर्रास चालतं, वर्तमानपत्रांत छापून येतं. 'मेक' जास्त वापरात आहे, अमेरिकेत तर तोच, म्हणून लीडने बदललं असेल तर हरकत नाही. पण चूक म्हणून खोडलं असेल तर चूक त्यांची. आणि तुमची तर अर्धी टीम लंडनला! ब्रिटनमध्ये 'हॅव अ बाथ', अमेरिकेत 'टेक अ बाथ'. ब्रिटनमध्ये 'हॅव अ लुक', अमेरिकेत 'टेक अ लुक'. दोन्ही बाजू एकमेकांना समजून घेतात, कुणी कुणाला लाल रेघ मारत नाही. आपण मात्र अर्ध्या हळकुंडाने पिवळे होऊन दुसऱ्याचं बरोबर असलेलंही खोडतो. मी स्वतः शिक्षिका असताना हे पाप केलंय, नाही म्हणत नाही.

'इंग्रजीत विचार कर' हा सल्ला तुला ज्यांनी ज्यांनी दिला, त्यांना विचार, की तुम्ही तो करायला कसे शिकलात? बहुतेकांना सांगता येणार नाही. ज्या भाषेतल्या जोड्या डोक्यात नाहीत त्या भाषेत विचार करायचा म्हणजे मीठ-मसाल्याशिवाय आमटीचा विचार करण्यासारखं आहे. जोड्या आधी, विचार मागाहून आपोआप.

ही अडचण मराठी माणसाचीच आहे असंही नाही. हॅरॉल्ड पामर नावाचे इंग्रज शिक्षक १९२२ साली जपानला गेले. तिथल्या विद्यार्थ्यांना शब्द येत, व्याकरण येई, तरी वाक्य इंग्रजी वाटत नसे. पामरनी मग इंग्रजीत कुठला शब्द कुठल्या शब्दाबरोबर बसतो याच्या जोड्या गोळा केल्या आणि १९३३ साली टोकियोत त्यांचा जाडजूड अहवाल प्रसिद्ध केला. त्यांचे सहकारी ए. एस. हॉर्न्बी यांनी पुढे परकीय विद्यार्थ्यांसाठी कोश रचला. तोही ऐन महायुद्धात, १९४२ साली, टोकियोतच निघाला आणि युद्धानंतर, १९४८ मध्ये ऑक्सफर्डने आपल्या नावाने छापला. आज आपल्या मुलांच्या दप्तरात ऑक्सफर्डचा जो लर्नर्स कोश असतो तो याचाच वंशज. म्हणजे तुझ्यासारख्या जपानी मुलामुलींच्या चुकांतून ती सगळी वाट पडलेली आहे.

आता वहीचं सांगते. यादी पाठ करू का, असं विचारलंस. 'टेक'ची यादी करू नकोस. नामांची कर, आणि तीही सगळ्या जगाची नको, तुझ्या मेलमध्ये गेल्या महिनाभरात आलेल्यांचीच. तुझा पाठवलेल्या मेलचा फोल्डर उघड आणि नामं वेच : अप्रूव्हल, डेडलाइन, डिसिजन, इश्यू, मीटिंग, लीव्ह, एक्झाम. तीसच्या पुढे जाणार नाहीत, पैज लाव. मग लंडनच्या त्या बाईंचे मेल उघड आणि त्याच नामांशेजारी त्या काय लिहितात ते बघ. त्या डेडलाइनला 'मीट' करत असतील, 'मिस' करत असतील, 'एक्स्टेंड' करत असतील. इश्यू 'रेज' करत असतील. मीटिंग 'सेट अप' करत असतील. उचल सरळ. भाषेत अशी उचलेगिरी चालते. जोड्यांचे वेगळे कोशही मिळतात, ऑक्सफर्डचा २००२ सालापासून आहे. त्यात कुठलंही नाम काढलं, की खाली त्याची क्रियापदं ओळीने दिलेली असतात. पण बाईंचे मेल हा तुझा पहिला कोश. तुझ्याच कामाचा आणि फुकट.

नमुन्यादाखल 'एक्झाम'चं पान मीच भरून देते. परीक्षार्थीच्या बाजूने : टेक, सिट, पास, फेल, नापास झालीस तर रीटेक. मास्तरांच्या बाजूने : सेट म्हणजे पेपर काढणे, मार्क म्हणजे तपासणे (अमेरिकेत ग्रेड), आणि गिव्ह, ज्याच्यावर तू परवा घसरलीस. पानाच्या तळाशी एक सूचना लाल शाईने लिही : पास झाले तर 'आय पास्ड'. 'पास्ड आऊट' नाही. आपण सगळे 'मी २०१९ला पासआऊट झाले' असं बोलतो, त्यांच्या कानाला मात्र तू त्या साली चक्कर येऊन पडलीस असं ऐकू येतं.

आणि सगळंच एका महिन्यात दुरुस्त करायला निघू नकोस. ज्याने अर्थ फिरतो ते आधी : परीक्षा, क्लास, मुलाखत, पासआऊट. ज्याने अर्थ कळतो पण कानाला खटकतं ते नंतर : टेक अप्रूव्हल, टेक फॉलोअप, टेक अ लीव्ह. पुण्यातल्या पुण्यात, आपापसांत बोलताना 'एक्झाम दिली', 'गेव्ह द एक्झाम' खुशाल म्हण. या देशात कोट्यवधी लोक तसंच म्हणतात आणि एकालाही तू शिक्षिका वाटणार नाहीस.

त्या बाईंना उत्तर पाठवलंस का? नसेल पाठवलं तर असं लिही, की मी शिकवत नाही, 'आय ॲम सिटिंग ॲन एक्झाम'. ब्रिटनमध्ये हेच म्हणतात. आणि तुझ्या लक्षात आलं का, हे तर तुला येतच होतं! आजी काय विचारायची? 'यंदा परीक्षेला बसलीस का गं?' आपण परीक्षेला बसतो, ते परीक्षाच बसतात. मधला 'ला' तेवढा गाळायचा. तुझ्या तोंडात 'देणे' आधी आलं म्हणून घोटाळा झाला, 'बसणे' आधी आलं असतं तर हे पत्रच आलं नसतं आणि माझा एक सदराचा विषय गेला असता.

हे छापून येईपर्यंत २० तारीख उलटून गेली असेल. पेपर कसा गेला ते कळव, मराठीत कळव किंवा इंग्रजीत. इंग्रजीतही पेपर जातोच, 'हाऊ डिड इट गो' असं बाई नक्की विचारतील. चांगला गेला असेल तर 'इट वेंट वेल' लिही, चालेल. अवघड गेला असेल तर मात्र 'वेंट डिफिकल्ट' लिहू नकोस, 'इट वॉज हार्ड' असं लिही.

– तुझी ताई